गाडीला गोंडा

पाडव्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमाराला, मी पलंगावर दोन्ही हात पुढं करून बसलो होतो. हातांवर लोकरीची लच्छी अडकवलेली. समोर खाली फरशीवर माझी बायको धागा ओढून त्याचा गुंडा करत होती. ती ओढेल तसे हात आधी डावीकडं झुकवायचे, मग उजवीकडं, एवढंच माझं काम. पंखा बंद, कारण पंख्यानं लोकरीचे तंतू उडून नाकातोंडात जातात. दार आणि खिडकी मात्र माझ्यामुळं लावलेली. बजाजनगरात आमच्या खोलीचं दार थेट गल्लीत उघडतं. कंपनीत जन्म घालवलेला माणूस बायकोपुढं हातकड्या घातल्यासारखा बसलाय, हे गल्लीनं बघू नये असं मला वाटायचं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"हात खाली यायलेत," ती म्हणली.

"हात हायेत माझे. खुंट्या नायत."

"खुंट्या बऱ्या. बोलत नायत."

लोकर निळी होती. माझाच स्वेटर होता तो, कंपनीनं दिलेला, छातीवर कंपनीची खूण असलेला. मला न विचारता तिनं तो उसवला होता. मी परत एकदा विचारलं, "एवढ्या गावात माझाच स्वेटर घावला का?"

"निळा दुसऱ्या कुणाकडं नव्हता."

"आन हिवाळ्यात मी काय घालू?"

"हिवाळ्याचं हिवाळ्यात बघू. शिमगा होऊन गेला, आता कुणाला लागायलंय स्वेटर?"

गुंडा झाला तशी तिनं लोकर पंज्याला गुंडाळून गोंडा करायला घेतला. समोरच्या घरचा पोरगा, म्हणजे तिशीतला बाप्या, भाजी वाहायचा धंदा करतो. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर होता. त्या दिवशी दुपारी त्यानं स्वतःचा नवा टेम्पो आणून गल्लीत उभा केला होता. सकाळी पाडव्याला पूजा, आणि पूजेत आमच्या हिच्या हातचा गोंडा.

गोंडा मधी बांधताना तिनं उजवा खांदा दाबला. "उद्या तुम्ही बांधा," ती म्हणली. "आरसा उंच हाय. माझा हात पोचत नाय."

"मी? मी नाय."

"गाठीची काळजी करू नका. तुमची पोत्याची गाठ चालंल." असं म्हणून ती हसली. का हसली ते पुढं सांगतो.

"गाठीचं नाय म्हणत मी. लोकं काय म्हणतील?"

"इतकी वर्षं लोकं मला म्हणायलेत. थोडं तुम्ही घ्या की वाटून."

तेवढ्यात दार वाजलं. मी गुडघ्यावर उरलेली लोकर, कात्री, सगळं उचलून उशीखाली घातलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग उठून दार उघडलं. टेम्पोवाल्याची आई होती. "मावशी, सकाळी लौकर या बरं का. तुमच्याबिगर नारळ फोडायचा नाय म्हणतोय."

"येते की. हे बी येणार हायेत. बांधणार हेच."

मी डोळे वटारले. ती बाई हसत गेली. आमची परत बसली, उशीखालून कात्री काढली, गोंडा तिरपा धरून बघितला. शेंडे लहानमोठे होते. "शेंडे सकाळी कातरीन, उजेडात," म्हणली आणि गोंडा खिडकीत ठेवून भाकरी टाकायला गेली. आम्ही मिळून केलेलं हे शेवटचं काम.

ती कशी होती ते लोकांना सांगायला गेलं की लोक हसतात. तेव्हाही हसायचे. तिचं वर्ष शिमग्यापासून सुरू व्हायचं. थंडी सरली, लोकांनी स्वेटर घड्या घालून पेटीत टाकायला काढले, की ही घरोघर जायची. "कोपर फाटलेलं हाय का? आखूड झालेलं? द्या मला." जुने स्वेटर गोळा करायचे, उसवायचे. उसवलेली लोकर कुरळी असते. ती कोमट पाण्यात भिजवायची, तारेवर वाळवायची. त्याच दिवसांत आजूबाजूच्या बाया शेवया वाळत घालायच्या. आमच्या दारात मात्र लाल, हिरव्या, पिवळ्या शेवया. येणारा-जाणारा विचारायचा, "काय मावशी, जेवायला काय रंगीबेरंगी?" मी पेपर तोंडापुढं धरून बसायचो. मला वाचायला धड येत नाही, चौथीत शाळा सुटली. पण तोंड झाकायला पेपर बरा.

मग चैत्र लागेपर्यंत तिचं चालायचं. गल्लीत, मागच्या गल्लीत, कंपनीतल्या ओळखीत, ज्याची ज्याची पाडव्याला नवी गाडी येणार त्याच्यासाठी गोंडा. लुनाला, स्कूटरला, पुढं मोटारसायकलला, रिक्षाला. कुणी सांगितलेलं नसायचं. हँडलच्या मुठींना दोन सुयांवर विणलेले मोजे. आणि जुन्या साडीच्या काठाची शिवलेली सुपारीएवढी पिशवी, तिच्यात हळद लावलेले तांदूळ. गाडी दारात आली की ही तांब्या घेऊन हजर. पुढच्या चाकावर पाणी घालायची, कुंकू लावायची, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची. नवा बैल दारात आला की तिच्या माहेरी असंच करायचे. मग आरशाला गोंडा बांधायची आणि आरशाशी तोंड नेऊन हळू आवाजात सांगायची, "नीट जा. बिचकू नको. आपलीच माणसं हायेत."

"आरशात काय सांगती?" मी एकदा विचारलं.

"मग कुठं सांगू? कान तेवढेच हायेत तिला."

सेकंडहँड गाडीलाही बांधायची. लोक म्हणायचे, "मावशी, जुनी हाय गाडी." ती म्हणायची, "बाजारातून आणलेला बैल काय नवा जन्मतो काय? आपल्या दारात आला तवा नवा." कुणी काही देऊ केलं तर घ्यायची नाही. फक्त म्हणायची, "स्वेटर फाटलं की आठवण ठेवा."

आम्हाला मूल झालं नाही. लोक म्हणायचे, त्यामुळं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं. ती लग्न होऊन आली तीच गोंडे करत आली. तेव्हा बैल होते, म्हणून कुणाला वेडं वाटलं नाही. बैल गेले, गाड्या आल्या, ही तीच राहिली.

गुलमंडीची गोष्ट सांगतो. गोंड्यांसाठी मणी घ्यायला आम्ही शहरातल्या त्या बाजारात गेलो होतो. पुढं एक माणूस चाललेला, अंगात मेंदी रंगाचा हातविणीचा स्वेटर. आमची त्याच्या मागं मागं चालायला लागली. मी म्हणलो, "कुठं चाललीस?" गर्दीत तिनं त्या माणसाच्या स्वेटरची मागची कड दोन बोटांत धरली आणि चोळून बघितली. तो गर्रकन वळला. खिसा चाचपला.

"क्या जी, क्या कररे?"

"कुछ नहीं भाई. ऊन असली है. पुराना हुआ तो फेकना नक्को, मेरे कू देना."

"पुराना? अभी इसी साल बना है!"

"तो अगले साल देना. मैं कहाँ भाग री?"

माणसं जमायला लागली. मी काय केलं? मी बांगड्यांच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिलो आणि बांगड्या बघायला लागलो, जसा काय ह्या बाईशी माझा संबंध नाही. दुकानदार विचारतोय, "कौनसे नाप के?" आणि तिकडून तिचा आवाज, अख्ख्या गुलमंडीला ऐकू जाईल असा: "अहो! ते बांगड्या सोडा आन इकडं या! हे भाऊ पत्ता इचारायलेत, मला नीट सांगता येईना!"

जावं लागलं. मान खाली घालून पत्ता सांगितला. तो माणूस कापड दुकानदार निघाला. पुढच्या फाल्गुनात त्याचा नोकर सायकलवर तो मेंदी रंगाचा स्वेटर घेऊन आमचं घर शोधत आला. कोपराला भोक पडलं होतं. आमच्या हिनं भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणली, "उजव्या कोपराला एवढं पडलंय. दिवसभर गल्ल्यावर हनुवटी टेकून बसत असंल बिचारा. धंदा बसला वाटतं." त्याच स्वेटरच्या लोकरीचा एक गोंडा करून तिनं नोकराच्या सायकलला बांधला आणि म्हणली, "मालकाला दाखव. म्हणावं, वाया गेलं नाय."

दुसरी गोष्ट सुपरवायझरच्या स्कूटरची. आम्ही गावातनं उठून बजाजनगरात आलो ते नवे दिवस. वाळूजला कंपन्या उभ्या राहत होत्या. मला एका कारखान्यात पॅकिंगमधी काम लागलं. पोती भरायची, तोंडं बांधायची, गाडीत चढवायची. आमच्या खात्याचा सुपरवायझर शिकलेला, शहरातला, इस्त्रीचा माणूस. तो मागच्या रांगेत राहायचा. पाडव्याला त्यानं नवी कोरी स्कूटर आणली. मला माहीतही नाही आणि आमची सकाळीच जाऊन लाल-पिवळा गोंडा बांधून आली. तो घरात होता. तिनं कुणाला हाकही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांदेखत तो म्हणला, "काय हो पाटील," — मी पाटील नाही, चेष्टेनं म्हणायचा — "तुमच्या घरचा बैल हरवला होता का? आमच्या स्कूटरला शेपूट लावून गेलं कुणीतरी."

अख्खं खातं हसलं. त्या दिवसापासून मला "गोंडे" नाव पडलं. नव्या आलेल्या पोरांना वाटायचं, माझं आडनावच गोंडे. घरी येऊन मी भांडी आपटली. "तुला काय गरज होती? माझी अब्रू घालवलीस!"

तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "काढला का त्यांनी गोंडा?"

"काय?"

"गोंडा. काढून टाकला का गाडीवरनं?"

मी आठवून बघितलं. स्कूटर कंपनीच्या शेडमधी उभी होती, मी दुपारी तिच्या बाजूनं गेलो होतो. गोंडा होता. "नाय," मी म्हणलो.

"मग?" ती म्हणली, आणि भाकरी उलटवली.



त्याच वर्षी तिनं माझ्या सायकलला गोंडा बांधला. हिरवा, मधी काचेचे मणी. तिच्यादेखत मी तो तसाच राहू दिला. पण गल्लीच्या तोंडाला विजेचा खांब आहे, तिथं वळण आहे. रोज सकाळी तिथं मी उतरायचो, गोंडा सोडायचो आणि खिशात घालायचो. संध्याकाळी परत येताना खांबापाशी उतरून बांधायचो. कंपनीत सायकल उघडी, घरी गोंड्याची. कितीतरी वर्षं मी हे केलं. मला वाटायचं, तिला कळत नाही. गाठ सोडायची आणि बांधायची, त्यात काय कळतंय?

एकदा ती सायकल पुसत होती. मी चहा पीत ओट्यावर बसलेलो. ती वर न बघता म्हणली, "आपला बैल लई शाना हाय हो. गाठ बदलतोय रोज."

"काय?"

"मी बांधलेली दाव्याची गाठ असती. ही पोत्याची हाय."

मी चहात तोंड घातलं. तिनं पुसणं चालू ठेवलं. गोंडा काढून का टाकता, लाज वाटती का, असलं एक अक्षर विचारलं नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि विषय संपला असता. त्या दिवसानंतरही मी खांबापाशी गोंडा सोडतच राहिलो. फरक एवढाच झाला की आता तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. पोत्याची गाठ म्हणलं की ती हसायची ती ह्याच्यामुळं.

त्या गोंड्याचा अर्थ मला सासऱ्यांनी सांगितला होता, आणि तो माहीत असून मी असा वागलो. सासरे चितेगावचे. तेव्हा तिथं कारखाने नव्हते, नुसती कोरडवाहू रानं. रझाकारांच्या धामधुमीत चांगली जनावरं कुणाच्या नजरेत येऊ नयेत म्हणून त्यांनी आपल्या जोडीचे गोंडे कापून टाकले, घुंगरमाळा पुरून ठेवल्या, बैलांच्या अंगाला राख आणि चिखल फासला. गावानं विचारलं तर म्हणायचे, खुरकूत झालीय, उठत नायत. पुढं पोलीस ॲक्शन झाली. गावात लोक ओरडत, नाचत सुटले. सासरे गोठ्यात गेले. बैल धुतले, बायकोच्या एका लाल लुगड्याचा पदर फाडून त्याचेच गोंडे केले, शिंगांना बांधले आणि जोडी भर रस्त्यानं पाणवठ्यावर नेली. आमची तेव्हा जन्मलीही नव्हती. पण ही गोष्ट तिनं इतक्या वेळा ऐकली होती की डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगायची.

"गोंडा शोभेचा नसतो," सासरे म्हणायचे, तेच ती म्हणायची. "मालक आता कुणाला भीत नाय, एवढं सांगायला असतो."

आणि मी खांबापाशी सोडायचो. सुपरवायझर हसंल म्हणून. रझाकार सोडा, इस्त्रीच्या कपड्यातल्या एका माणसाच्या हसण्याला भिऊन.

पाडव्याच्या दिवशी मी उठलो तेव्हा फटफटलं होतं. ती मोरीपाशी भिंतीला टेकून बसलेली. तांब्या बाजूला, पाणी सांडलेलं. मला वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागलाय. "अगं, पाडवा हाय. ऊठ की," म्हणलो. हात लावला. हात गार होता.

समोरच्यांना हाक मारली. टेम्पोवाला आला, त्याची आई आली, डॉक्टर आणला. डॉक्टरनं मान हलवली. चितेगावला तिच्या भावाला फोन लावला. तो तासाभरात मोटारसायकलवर आला, बहिणीपाशी बसला आणि तिची पावलं धरून राहिला. बाया आल्या. हिरवं लुगडं नेसवलं, कपाळ भरून कुंकू लावलं. एकीनं म्हणलं, "भाग्याची गं, अहेव गेली." दुसरी म्हणली, "पाडव्याला गेली, सोनं झालं." मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो.

लख्ख उजाडलं होतं. मी दारात आलो. गल्लीत सणाचा दिवस आणि चिडीचूप. दारोदार वेळूच्या काठ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. खण, कडुलिंबाचे डहाळे, साखरेच्या गाठी ताटात तशाच. गल्लीत मयत असताना गुढी कोण उभारणार? पोरांना गाठ्या खायच्या होत्या, त्यांच्या आया त्यांना दटावून आत ढकलत होत्या. मधोमध नवा टेम्पो, झेंडूचा हार घातलेला, पूजा न झालेला.

मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. तिचं दुःख एकीकडं, आणि ही लाज एकीकडं. अख्ख्या गल्लीचा सण आमच्या एका खोलीपुढं खोळंबला होता. मी शेजाऱ्याला म्हणलो, "उभारा बाबा गुढ्या. आमच्यासाठी थांबू नका."

"असं कसं काका," तो म्हणला. "आधी मावशीला नेऊ."

न्यायचं कशात, हा प्रश्न पडला. वैकुंठरथ दुपारशिवाय मिळणार नाही असं कळलं. स्मशान लांब, खांद्यावर नेण्यासारखं नाही. मेव्हणा म्हणला, "दाजी, गावाकडनं ट्रॅक्टर मागवतो." त्यालाही वेळ लागणार. ऊन चढायला लागलं. मी मनात म्हणलो, माझ्यामुळं दुपारपर्यंत लोकांच्या काठ्या आडव्या.

टेम्पोवाला पुढं आला. "काका, गाडी हाय की. आपल्यात न्यायचं."

मी म्हणलो, "येडा झालास का? नवी गाडी. पूजा नाय झाली. पहिली फेरी आन त्यात मढं? पाडव्याच्या दिवशी?"

मागून कुणीतरी म्हणलंच, "धंद्याची गाडी हाय. बघा बाबा, इचार करा."

त्याचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर त्यालाही भीती होती, दिसत होतं. तो आईकडं बघायला लागला. त्याची आई बायांमधून उठून आली. डोळे पुसले. "इचार काय करायचा? मावशी आल्याबिगर नारळ फोडायचा नाय असं तूच म्हणला होतास. आता आल्या की त्या. पहिली फेरी त्यांचीच."

"बाई, नको," मी म्हणलो. "उद्या गाडीला काही झालं तर लोकं माझ्या नावानं बोटं मोडतील."

"भाऊ," ती म्हणली, "लोकं काय म्हणतील, काय म्हणतील. मावशी ह्याच्यावरच हसायच्या तुम्हाला. माझ्यापाशी सांगायच्या."

म्हणजे तिनं सांगितलं होतं. सायकलचं, गुलमंडीचं, सगळं सांगितलं असणार. त्या बाईपुढं मी नागडा उभा असल्यासारखं झालं. मी आत गेलो. खिडकीत निळा गोंडा होता. शेंडे लहानमोठे, उजेडात कातरायचे राहिलेले. कात्री तिथंच होती. मी कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. माझ्या हातानं ते शेंडे सरळ झाले नसते. गोंडा खिशात घातला. खिशात गोंडा लपवायची माझ्या हाताला सवयच.

तिला बाहेर आणलं, टेम्पोत मागं सतरंजीवर ठेवलं. मेव्हणा डोक्यापाशी बसला. टेम्पोवाला पुढं जाऊन बसला, पण किल्ली फिरवीना. माझ्याकडं बघत होता. त्याची आई बघत होती. सगळी गल्ली उभी होती. भिंतीकडंला मोटारसायकली लावलेल्या, कुणाच्या आरशाला लाल, कुणाच्या पिवळा, काही पार ऊन-पावसानं पांढरे पडलेले गोंडे. इतके असतील असं मला वाटलं नव्हतं. मी कधी मोजायला मान वर केलीच नव्हती.

मी खिशातून गोंडा काढला.

सुतकाचा माणूस, नव्या गाडीला हात लावू की नको हेही कळेना. आरसा खरंच उंच होता. तिचा खांदा पोचलाच नसता. मी टाचा उचलल्या आणि बांधला. बोटांना दुसरी गाठ येत नाही, पोत्याचीच मारली. दोनदा ओढून बघितली. मागं कुणी हसतंय का म्हणून कान लागलेले, जन्माची खोड. कुणी हसलं नाही.

आता पुढचं राहिलं होतं. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण टेम्पोवाला अजून किल्ली फिरवीना. मग मी आरशाला तोंड लावलं. घसा खाकरला. सगळ्या गल्लीदेखत, म्हातारा माणूस, आरशाला म्हणलो, "नीट जा. बिचकू नको. आपलीच माणसं हायेत."

मेव्हण्यानं वरनं हात दिला. मी मागं चढलो आणि तिच्या पायाशी बसलो. टेम्पो हळूहळू निघाला. गल्लीच्या तोंडाला विजेचा खांब आला, तिथं वळण आहे. माझा हात आपोआप उठला. मी तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर दाबून ठेवला. टेम्पो वळला, खांब मागं गेला, मोठा रस्ता लागला, माणसं बघायला लागली. मी कडेवरून वाकून पुढं बघितलं. गोंडा आरशाला होता.